वीस ग्रॅमची हुकूमत

आजारांनाही समाजात प्रतिष्ठा असते, हे साठी उलटल्याशिवाय कळत नाही. डोंबिवलीत आमच्या सोसायटीबाहेर एक कट्टा आहे. सकाळचे फिरणे उरकून, म्हणजे कोपऱ्यापर्यंत जाऊन, आम्ही निवृत्त मंडळी तिथे टेकतो. या कट्ट्यावर पहिला मान बायपासवाल्याचा. तो शर्टाची वरची दोन बटणे कायम उघडी ठेवतो. "किती ग्राफ्ट?" असे कुणी विचारले की "चार" म्हणताना त्याची छाती टाक्यांसकट फुगते. दुसरा मान गुडघेवाल्याचा. तो आपल्या नव्या गुडघ्याचा देश, धातू आणि किंमत सांगतो. मधुमेहवाल्याचा मान जुना. कुठल्याही घरी त्याच्यासाठी वेगळा चहा होतो. बीपीवाला तर कुणाशीही भांडू शकतो आणि भांडण संपल्यावर माफी समोरच्यानेच मागायची असते.

या दरबारात एकच आजार असा आहे की ज्याचे नाव कुणी घेत नाही. तो असलेला माणूस गप्पा ऐन रंगात आलेल्या असताना उठतो, "आलोच" म्हणतो आणि घराकडे निघतो. चाल अशी की धावतोय हे कुणाला कळू नये आणि वेळही जाऊ नये. "कुठे?" म्हणून कुणी विचारत नाही. निम्म्यांना ठाऊक असते. उरलेले निम्मे त्याच्या पाठोपाठ उठायच्या बेतात असतात.

हे सारे प्रोस्टेटमुळे. ही ग्रंथी पुरुषाला जन्मापासून असते, पण पन्नाशीपर्यंत ती आहे हे त्याला माहीत नसते आणि पन्नाशीनंतर तिला विसरता येत नाही. मूत्राशयाच्या बरोबर खाली तिची जागा. तरुण पुरुषात तिचे वजन साधारण २० ग्रॅम. वीर्यातला काही द्रव तयार करणे हे तिचे काम आणि ते ती बिनबोभाट करते. अडचण एवढीच, की मूत्राशयातून निघालेली लघवीची नळी नेमकी तिच्या पोटातून आरपार जाते. शरीराचा हा आराखडा ज्याने मंजूर केला, त्याने ड्रेनेज खात्याचा ना हरकत दाखला घेतलेला नसावा.

वयाबरोबर पुरुषाचे केस, उंची, नजर आणि घरातला शब्द हे सगळे उतरत जाते. चढते ते दोनच: पोट आणि प्रोस्टेट. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे आणखी जहाल संप्रेरक बनते. डोक्यावरचे केस घालवण्यात त्याचा हात आणि प्रोस्टेट वाढवण्यातही त्याचाच. म्हणूनच फिनास्टेराइड हे एकच औषध १ मिलिग्रॅमच्या गोळीत टकलावर देतात आणि ५ मिलिग्रॅमच्या गोळीत प्रोस्टेटवर. तरुणपणी ज्याच्या भरवशावर मिशीला पीळ दिला, तेच म्हातारपणी रात्री-बेरात्री उठवायला येते.

बरे, वाढायचे तर बाहेरच्या बाजूला वाढावे. तसे होत नाही. ग्रंथीचा नळीला लागून असलेला आतला भाग वाढतो. जुन्या वाड्यात तळमजल्यावरचा भाडेकरू आधी बोळात चपलांचे कपाट ठेवतो, मग सायकल, मग पाण्याचे पिंप, आणि एक दिवस वाड्यात शिरायला आडवे होऊन जावे लागते. तसेच हे. नळी चेपली जाते. वर बसलेले मूत्राशय तिच्यातून लघवी काढण्यासाठी जोर लावून लावून जाड आणि तापट होते. थोडे भरले तरी "चला" म्हणून हुकूम सोडते आणि गेल्यावर पुरते रिकामे होत नाही.

माणसाखेरीज हा त्रास सर्रास होतो तो कुत्र्याला. पण कुत्र्याची प्रोस्टेट बहुधा बाहेरच्या अंगाने फुगते, त्यामुळे त्याला लघवीपेक्षा शौचाची अडचण जास्त. आमच्या सोसायटीतला लॅब्रेडर प्रत्येक खांबाशी थांबतो तो केवळ हौसेने. मी त्याच्याकडे असूयेने बघतो. खांबाखांबाला थांबण्याची मुभा त्याला आणि गरज मला, हा कुठला न्याय?

दिवस एक वेळ निभावतो. खरी कसोटी रात्रीची. दहाला आडवे व्हावे, बाराच्या सुमारास पहिली हाक येते. बायकोची झोप मोडू नये म्हणून दिवा लावायचा नाही, असा माझा सद्‌गृहस्थी नियम. मग अंधारात टीपॉयचा कोपरा, नातवाची चाके असलेली एखादी वस्तू आणि उंबरठा ही ठाणी ओलांडत मोहीम निघते. मुक्कामी पोचल्यावर मात्र ज्याच्यासाठी एवढी धावपळ केली ते दाराशी येऊन अडून बसते. उभे राहावे. वाट पाहावी. लहान बाळाला पायांवर धरून आई जो "शूऽऽ" आवाज काढते तो स्वतःसाठी काढून पाहावा. नळ बारीक सोडावा. शेवटी धार लागते, थांबते, पुन्हा लागते, आणि आता संपले म्हणून वळावे तर थेंब म्हणतात, अजून आम्ही आहोत. परत येऊन पांघरूण घ्यावे आणि त्याच क्षणी वाटावे की थोडे राहिलेच.

त्यानंतर झोप येत नाही. मध्यरात्री जागा असलेला निवृत्त माणूस काय विचार करतो? मुदत ठेवीचा व्याजदर, भावाशी झालेले जमिनीचे बोलणे, १९८७ साली साहेबांना द्यायला हवे होते ते उत्तर. हे उत्तर इतके नेमके तयार होते की झोप पार उडते. जरा डोळा लागतो तोच दुसरी हाक. तिसऱ्या हाकेला दूधवाला आणि मी एकाच वेळी जिन्याचा दिवा लावतो. गेल्या काही वर्षांत आमच्या मजल्यावर चोरी झालेली नाही. त्याचे श्रेय सोसायटीने वॉचमनला देऊ नये.

आणि सकाळी बायको म्हणते, "अहो, काल चारदा उठलात." म्हणजे अंधारातली माझी सगळी काळजी वाया गेलेली असते. ती प्रत्येक वेळी जागीच होती; फक्त मला वाईट वाटू नये म्हणून घोरण्याचा आवाज काढत होती.

लोकांना हे लघवीचे दुखणे वाटते. माझ्या मते हे झोपेचे दुखणे आहे. रात्र अशी तुकड्यातुकड्यांनी गेली की सकाळी अकराला मान वर्तमानपत्रावर पडते, भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून युद्ध होते, सुनेने साधे "बाबा, चहा?" विचारले तरी त्यात टोमणा ऐकू येतो. घरचे म्हणतात, वयोमानाने चिडचिडे झालेत. वयाला असे कितीतरी गुन्हे उगाच चिकटवले जातात. रात्री उठण्यातला एक धोका मात्र खरा आहे: अंधारात घाईने जाताना पडून म्हातारपणी खुब्याचे हाड मोडते. म्हणून आता मी नियम बदलला आहे. पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर एक मिणमिणता दिवा रात्रभर जळतो. बायको म्हणते, हा आधीच लावला असता तर टीपॉय तरी वाचला असता.

घराबाहेर पडले की प्रोस्टेटवाल्याचा भूगोल बदलतो. बाकीच्यांसाठी शहरात चौक, देवळे, हॉटेले असतात. आमच्यासाठी शहर म्हणजे दोन मुताऱ्यांमधली अंतरे. कुठल्या स्टेशनच्या कुठल्या फलाटावर कुठल्या टोकाला सोय आहे, कुठल्या हॉटेलात चहा न घेताही आत जाऊ देतात, कुठल्या बँकेचा शिपाई ओळखीचा आहे, याचा नकाशा आम्ही डोक्यात बाळगतो. लोकल गाडीत शौचालय नसते, हे मुंबईकराला आयुष्यभर खटकत नाही, कारण त्या गर्दीत ते असते तरी तिथे कोण पोचणार होते? पण साठीनंतर डोंबिवलीहून मुंबईला निघालो की ठाणे, कुर्ला, दादर ही मला स्टेशने वाटत नाहीत. अडीनडीचे नातेवाईक वाटतात. फास्ट लोकल लवकर पोचवते खरी, पण मी स्लो पकडतो. तिच्यात दर तीन-चार मिनिटांनी आशेला जागा असते.

ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्र सरकारने ७५ वर्षांवरच्या नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत केला. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट. योजना उत्तम. फक्त ज्या वयात तिकीट माफ होते, त्याच वयात दोन तास सलग बसणे माफ होत नाही. भर घाटात उठून कंडक्टरकडे जावे, तर काय बोलावे हे सुचत नाही. शाळेत करंगळी वर केली की काम भागत होते. सत्तरीच्या माणसाने कंडक्टरला करंगळी दाखवणे बरे दिसत नाही, पण नाइलाजाने तेच करावे लागते. माझा अनुभव असा की कंडक्टर या बाबतीत देवमाणूस असतो. तो घंटी मारतो, गाडी थांबते आणि मग गंमत होते: माझ्यामागून एकेक करून सात-आठ गृहस्थ खाली उतरतात. इतका वेळ सगळे खिडकीबाहेरचा निसर्ग पाहत होते. कुणीतरी करंगळी वर करायची तेवढी वाट होती.

नाटकाचे तर विचारू नका. पाच अंकी संगीत नाटकांच्या काळात मध्यंतरे तरी भरपूर होती. त्या नाटककारांना वयस्क प्रेक्षकांची जाण होती. आताच्या दोन अंकी नाटकाला एकच मध्यंतर, तेही वडा खायला काढलेले. त्या दहा मिनिटांत पुरुषांच्या मुतारीत जी रांग लागते तिच्यात दोन जाती असतात. तरुण येतो, उभा राहतो, जातो. त्याच्या शेजारच्या जागी मी उभा असतो. माझ्या डावी-उजवीकडे तीन पिढ्या येऊन जातात आणि मी समोरच्या फरशीवरचे डाग पाठ करत असतो. मागचा माणूस घसा खाकरतो. तो खाकरला की आलेलेही परत जाते. तिसरी घंटा वाजते. पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाला मी पूर्वी भारतीय बैठकीत पार मध्यावर बसत असे. आता डिसेंबरची थंडी आणि विलंबित ख्याल एकत्र आले की मी मांडवाच्या कडेची खुर्ची धरतो. समेची वाट पाहणे म्हणजे नक्की काय, हे मला आता कुठे कळते आहे.

तरीही कट्ट्यावर विषय निघत नव्हता तो नव्हताच. एकदा मात्र निघाला, त्याला निमित्त इंग्लंडचा राजा. जानेवारी २०२४ मध्ये तिसऱ्या चार्ल्सची प्रोस्टेट वाढली असून त्यावर उपचार होणार आहेत, असे राजवाड्याने जाहीर केले. राजाचे वय तेव्हा ७५. आमच्याकडे असता तर एसटीही फुकट झाली असती. पूर्वीच्या राजांची अशी दुखणी पडद्याआड राहत. याने ते मुद्दाम सांगितले, इतर पुरुषांनीही तपासून घ्यावे म्हणून. त्या बातमीनंतर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या प्रोस्टेटवरील माहितीकडे लोकांची अशी रीघ लागली की दर पाच सेकंदाला एक जण ती उघडून पाहत होता. म्हणजे तिथेही सगळे खिडकीबाहेरचा निसर्गच पाहत होते. राजाने करंगळी वर केली.

आमच्या कट्ट्याला या बातमीने कंठ फुटला आणि उपायांचा पाऊस पडला. निवृत्त मास्तरांनी गोखरूचा काढा सांगितला. तलाठी म्हणाले, भोपळ्याच्या बिया. एकाने रात्री झोपताना बार्लीचे पाणी प्यायला सांगितले. ज्याला रात्री चारदा उठायचे आहे त्याला सहादा उठवण्याचा हा खात्रीचा मार्ग. एकाच्या मुलाने अमेरिकेहून सॉ पामेटो नावाच्या गोळ्या पाठवल्या होत्या. मोठ्या चाचण्यांत त्या नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलेल्या नाहीत, पण डॉलरमध्ये घेतलेल्या असल्याने त्यांना गुण येतच होता. मास्तरांनी शेवटी सुश्रुताला साक्षीला आणले, आणि साक्ष खरी होती: सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लघवी अडण्याचे बारा प्रकार दिले आहेत. त्यातल्या वाताष्ठीला या प्रकारात गुद आणि बस्ती (मूत्राशय) यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ वाढून लघवी अडते, असे वर्णन आहे. म्हणजे त्या काळीही म्हातारे रात्री उठत होते. फरक एवढाच की त्यांना टीपॉय नव्हता.

या सगळ्या गलक्यात डॉक्टरकडे जा, असे कुणी म्हणाले नाही. ते आमच्या हिने म्हटले. म्हटले म्हणजे वेळ घेऊन ठेवली आणि मला रिक्षात बसल्यावर सांगितले.

मूत्रविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात गेले की पहिल्यांदा बरे वाटते, कारण आयुष्यभर जे एकट्याचे समजत होतो त्यासाठी इथे पन्नास जण रांगेत असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून कुणीही प्रोस्टेटवाले वाटत नाहीत. सगळे शेजाऱ्याला सोबत म्हणून आल्याच्या थाटात बसलेले. आणि या जगात फक्त एवढ्या एकाच दवाखान्यात स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारावे लागत नाही. पाटी दारापासून बाण काढत जाते.

मग सोनोग्राफी. तिचा नियम असा की मूत्राशय भरलेले हवे. ज्याची तक्रारच धरवत नाही ही आहे, त्याला चार-पाच ग्लास पाणी पाजून "धरून ठेवा" म्हणतात. अर्ध्या तासाने सिस्टर येते. "काका, प्रेशर आलं का?" प्रेशर? ते नोकरीत असल्यापासून आलेले आहे. पण आपण "आलं" म्हणतो आणि तेवढ्यात एका गरोदर बाईला आधी घेतात. त्यावर तक्रारही करता येत नाही. तिची अडचण आपल्यापेक्षा नऊ महिन्यांनी जुनी. शेवटी आत घेतात, पोटावर गार जेली लावून नेमके तिथेच यंत्र दाबतात, आणि मग ते स्वर्गीय वाक्य येते: "जाऊन या." परत आल्यावर पुन्हा तपासतात, आत किती उरले ते. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. शिल्लक कमी म्हणून हवालदिल झालेले खातेदार पुष्कळ पाहिले. शिल्लक जास्त म्हणून कपाळाला आठ्या घालणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

अहवालात ग्रंथीचे वजन ग्रॅममध्ये येते. कट्ट्यावर आता त्याची चर्चा होते. "माझी ४५." "माझी ७२!" ७२ वाल्याला अखेर बायपासवाल्याच्या शेजारी जागा मिळाली. पण डॉक्टर सांगतात, ग्रॅमवर जाऊ नका. ३० ग्रॅमची ग्रंथी नळीवर नेमकी बसली तर माणसाला हैराण करते आणि १०० ग्रॅमची एखाद्याला काहीच करत नाही.

पुढची पायरी धार मोजण्याची. एका खोलीत नरसाळे, त्याखाली यंत्र. त्यात जायचे, यंत्र आलेख काढते. सेकंदाला १५ मिलिलीटरच्या वर वेग गेला तर सहसा ठीक, १० च्या खाली अडला तर अडथळ्याची शंका. रात्री ज्याला थोपवता येत नाही ते या खोलीत यायला तयार नसते. बाहेरून सिस्टर विचारते, "झालं का काका?" आयुष्यात अनेक परीक्षा दिल्या, पण ज्या परीक्षेत बाहेर बसलेली बायकोही कान देऊन आहे, अशी ही एकच. बोटाने करायच्या तपासणीचा पुरुष फार धसका घेतात. कुशीवर वळायचे, गुडघे पोटाशी, अर्ध्या मिनिटात संपते. धसका घेण्यात आम्ही त्याहून जास्त वेळ घालवलेला असतो.

रक्ताची पीएसए तपासणीही होते. तिचा आकडा ४ च्या वर गेला की घरात कुजबुज सुरू होते. आकडा वाढायला साधी वाढलेली प्रोस्टेट किंवा जंतुसंसर्गही पुरतो. कॅन्सरची शंका आली तर डॉक्टर पुढच्या तपासण्या करतात. प्रोस्टेटची ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. मात्र दोन्ही एकाच माणसात शेजारी-शेजारी नांदू शकतात, म्हणून तपासायचे. शिवाय रात्री उठणाऱ्या प्रत्येकाने प्रोस्टेटलाच बोल लावू नये. साखर, हृदय, पायांवरची सूज, जोरदार घोरण्यामागचा श्वासाचा विकार, यांपैकी कुणीही रात्री उठवू शकतो.

उपचारांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्या भीतीच्या मानाने फारच साधी निघते. पहिली पायरी सवयींची: संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी, झोपण्याआधी जाऊन येणे, एकदा झाल्यावर जरा थांबून पुन्हा प्रयत्न करणे. दुसरी गोळ्यांची. टॅमसुलोसिनसारखी गोळी तिथले स्नायू सैल करते, काही दिवसांत फरक पडू लागतो. ती घेतल्यावर झटकन उठले की चक्कर येऊ शकते. कधी संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. त्यात धोका नाही, पण आधी ठाऊक असलेले बरे. फिनास्टेराइडच्या जातीची गोळी ग्रंथी आक्रसवते, तिला मात्र सहा महिने द्यावे लागतात. आमचे तलाठी आठ दिवसांत तिला नालायक ठरवून मोकळे झाले.

गोळ्यांनी भागले नाही तर दुर्बिणीतून किंवा लेझरने वाढलेला भाग काढतात. पोटावर टाके नाहीत. पूर्वी पोट उघडून करायचे. त्या जुन्या शस्त्रक्रियेला ज्याचे नाव मिळाले तो पीटर फ्रायर हा आयरिश शल्यविशारद हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वर्षानुवर्षे नोकरी करून गेला होता. रामपूरच्या नवाबाचा मुतखडा काढल्याबद्दल त्याला एक लाख रुपये मिळाले, त्यावरून सरकारशी त्याचे वाजले. पुढे लंडनला जाऊन १९०० साली त्याने प्रोस्टेटची ती शस्त्रक्रिया सुरू केली. नवाबांनी लाख रुपये का दिले याचे सरकारला कोडे पडले होते. सरकारची लघवी कधी अडली नसावी.

पण तपासणीतला सगळ्यात अवघड भाग ना बोटाचा, ना नरसाळ्याचा. तो कागदाचा असतो. जगभर वापरतात ती एक प्रश्नपत्रिका हातात देतात. सात प्रश्न: पूर्ण रिकामे वाटत नाही का, दोन तासांत पुन्हा जावे लागते का, मध्येच थांबते का, धरवत नाही का, धार बारीक आहे का, जोर लावावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. जिथे जास्त गुण मिळवणारा नापास होतो, अशी ही परीक्षा. आम्ही पुरुष इथेही कॉपी करतो. रात्री चारदा उठणारा "एखाद-दुसऱ्यांदा" लिहितो आणि सौम्य गटात पास होऊन घरी जातो.

आठवा प्रश्न मात्र लघवीचा नसतोच. आता आहे तशीच स्थिती उरलेल्या आयुष्यभर राहिली तर तुम्हाला कसे वाटेल? शून्य म्हणजे आनंद, सहा म्हणजे असह्य. मराठी पुरुषाला आयुष्यात कुणी कधी कसे वाटते म्हणून विचारलेले नसते, त्यामुळे तो गोंधळतो. मीही पेन हातात घेऊन म्हणालो, "चालतंय तसं. वय झालं, एवढं चालायचंच." डॉक्टर दोनवर खूण करणार, तोच मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "सहा लिहा."

सहा लिहिले गेले आणि तेच बरोबर होते. आम्ही पुरुष मोजतो ते थेंब. घरच्यांच्या वाट्याला येतात ते न केलेले प्रवास, अर्ध्यातून उठलेली लग्ने, नाकारलेली नाटकाची तिकिटे आणि सकाळची तिरसट उत्तरे. डोळ्यांना चष्मा लागला तेव्हा वयोमान म्हणून आंधळे चाचपडत बसलो नव्हतो. दात पडले तेव्हा कवळी केली. मग याच एका ठिकाणी वयाचा एवढा आदर कशासाठी? पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांत आणि ऐंशी पार केलेल्या बहुतेकांत ही ग्रंथी वाढलेली सापडते. त्रास सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांना गप्प बसायला हे काही गुपित उरलेले नाही.

तेव्हा वाचकहो, कामाच्या चार गोष्टी सांगून उठतो. रात्री दोन-दोनदा उठावे लागत असेल, धार बारीक झाली असेल, तर मूत्रविकारतज्ज्ञाला दाखवा. लघवीत रक्त दिसले किंवा ती पूर्ण तुंबली तर त्याच दिवशी जा. पोट फुगेपर्यंत धने-जिऱ्याचे पाणी पीत बसू नका. सर्दीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका, तिच्यातल्या औषधांनी अडखळती लघवी साफ अडू शकते. आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर टॅमसुलोसिन चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण ती गोळी बुबुळाचा पडदा ढिला करते आणि त्यांना तयारी ठेवावी लागते. जाताना बायकोला बरोबर न्या. आठव्या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्याकडे असते.

आलोच.